बिजागरी आणि ब्रॅकेट

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओवर लुगडं दिसत नाही. त्यामुळे पुरुषानं बाईचा वेश घेऊन हसवायचं, हा खेळ खरं तर रेडिओवर चालायलाच नको. पण इंग्लंडात दोन पुरुषांनी तो बीबीसीवर वर्षानुवर्षं चालवला, आणि तिथवर ते आले होते थेट लंडनच्या पबांमधून.

एक जॉर्ज लोगन, ग्लासगोकडचा, पियानोवर हात बसलेला. दुसरा पॅट्रिक फाइफ, स्टॅफर्डचा, गाणारा. पुरुषांमधले समलिंगी संबंध इंग्लंडात १९६७ पर्यंत सरसकट गुन्हाच होते. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९७२ साली, ही जोडी उभी राहिली. त्या काळी पबातल्या ड्रॅगचा, म्हणजे पुरुषांनी बाईच्या वेशात करायच्या करमणुकीचा, मसाला ठरलेला असे: भडक झगा, रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवायचे आणि मधेमधे चावटपणा. समोर बिअर आणि गलका.

त्या गलक्यात अवतरल्या दोन सभ्य म्हाताऱ्या. लांब गाऊन, मोत्यांची माळ, आणि तोंडी ऑपेरा!

फाइफच्या डोक्यात होती उमर सरलेली गायिका, जिला स्टेज काही सोडवत नाही. साथीला पियानोवर पुरुषच असायचा होता. पण लोगननंही वेश चढवला आणि दोघींचा संसार जमला. फाइफ झाले डेम हिल्डा ब्रॅकेट आणि लोगन झाले डॉक्टर इव्हॅडनी हिंज. डेम हा बायकांना मिळणारा ‘सर’सारखा किताब. हिंज म्हणजे दाराची बिजागरी, ब्रॅकेट म्हणजे फळीखाली ठोकतात तो. सुताराच्या पेटीतून नावं उचलावीत आणि ती खानदानी वाटावीत, ही गंमत मला अजून पुरलेली नाही.

आपल्याला स्त्रीपार्टी नवी नाही. पण बालगंधर्वांसमोर बसलेला प्रेक्षक आतला पुरुष विसरून जायचा. इंग्रजांच्या नाताळातल्या पँटोमाइम नावाच्या विनोदी नाटकांत उलटं. तिथलं म्हाताऱ्या बाईचं पात्र, तिलाही ‘डेम’च म्हणतात, म्हणजे धटिंगण पुरुषच, आणि ते विसरू द्यायचंच नसतं. हे दोघं बरोबर मधे उभे राहिले. सोंग आहे हे ठाऊक असूनही हळूहळू आपल्याला त्या म्हाताऱ्यांचीच काळजी वाटायला लागते.

कारण गाणं खरं होतं. गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या विनोदी संगीतिकांमधली गाणी ते स्वतः म्हणत, पियानो लोगन स्वतः वाजवत. हिल्डाबाई मोठ्या ऐटीत वरच्या सुराकडे निघायच्या. सूर लागतो की नाही, एवढ्यात पियानोवरून डॉक्टरीणबाईंचा स्कॉटिश हेलातला, अगदी मऊ आवाजातला टोमणा यायचा. वयावरून, नाहीतर जुन्या एखाद्या प्रयोगाच्या आठवणीवरून. बेसुरं गाऊन हसवणं सोपं. नीट गाता गाता, किंचित उतार लागलेला आवाज दाखवणं, याला तयारीचा गळा लागतो.

१९७४ च्या एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवात त्यांचं नाव झालं. १९७७ मध्ये बीबीसीच्या रेडिओ ४ वर त्यांची मालिका सुरू झाली आणि स्टॅक्टन ट्रेसल नावाचं एक काल्पनिक खेडं घरोघरी पोचलं. तिथं त्या दोघी राहायच्या, चहा घ्यायच्या आणि एकमेकींना सोलून काढायच्या. इथं वेश कामाचाच नव्हता. उरला फक्त आवाज, मधली शांतता आणि ‘अगं, तुला आठवत नसेल, फार वर्षं झाली’ अशा थाटाचं ते गोड विष. या खरोखरच्याच बायका आहेत असं समजणारे श्रोतेही होते म्हणतात. मला तरी यात नवल वाटत नाही.

पुढे १९८३ पासून टीव्हीवर, बीबीसी टू वर, ‘डियर लेडीज’ आलं. पबात जिनं रात्री गाजवल्या, ती जोडी आता घरच्या दिवाणखान्यात, आजीच्या शेजारी. मला विचाराल तर रेडिओवरच्या त्या दोघीच सरस.

फाइफ २००२ साली गेले, लोगन २०२३ साली. जुनी ध्वनिमुद्रणं कुठे हाती लागली तर जरूर ऐका. फक्त फोटो शोधू नका, निदान पहिला भाग संपेपर्यंत.