पाव ब्रासची जागा

श्रोतेहो, नमस्कार.

रहस्यकथा लिहिणाऱ्याला भेटायला येणारी मंडळी बहुधा दोनच गोष्टी विचारतात: हे सगळे तुम्हाला सुचते कसे, आणि तुम्ही लिहायला बसता कुठे. पहिल्या प्रश्नाला मी आजवर वेगवेगळी उत्तरे देऊन वेळ मारून नेली आहे, कारण त्याचे खरे उत्तर दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे आणि ती जागा पाहुण्यांना दाखवायला मला अनेक वर्षे संकोच वाटत असे. रेडिओवर जागा दिसत नाही, एवढ्या एका भरवशावर आज ती सांगतो.

बेळगावातल्या शहापुरात आमचे जुने घर आहे. एकेकाळी सांगली संस्थानात असलेले हे शहापूर आणि त्याच्या आसपासचे वडगाव, खासबाग हे भाग विणकरांचे. आमच्या घरीही वडिलांच्या काळापर्यंत पुढच्या सोप्यात हातमाग होता. या मागावरचा विणकर खुर्चीवर बसत नाही. जमिनीत खड्डा खणलेला असतो. त्याच्या काठावर बसून तो पाय खाली सोडतो, पायांनी खालच्या पट्ट्या दाबतो आणि हाताने आडवे सूत नेणारा धोटा चालवतो. खड्ड्यातल्या गारव्याने सूत दमट राहते आणि कमी तुटते, हा त्या रचनेचा आणखी एक फायदा. वडील गेले, माग मोडीत निघाला, त्याचे थोडे लाकूड विकले गेले, थोडे न्हाणीच्या चुलीत गेले. खड्डा मात्र राहिला, कारण खड्डा विकताही येत नाही आणि जाळताही येत नाही. चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट खोल अशा त्या खड्ड्याच्या काठावर घोंगडीची घडी घालून, पाय खाली सोडून, आणि पूर्वी विणलेले कापड जेथे गुंडाळले जाई तेथे एक सागवानी फळी आडवी टाकून मी लिहितो. आता गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही आणि खुर्चीवर पाठ दुखते. या दोन्ही दुखण्यांवर मागाच्या खड्ड्याइतका चांगला उपाय मला अजून कोणी सुचवलेला नाही.

मुलाला हे बरे वाटत नसे. नोकरीत स्थिरावल्यावर त्याने माझ्यासाठी माडीवर एक खोली बांधून घेतली. रुंद टेबल, फिरती खुर्ची, पुस्तकांची कपाटे, आणि पश्चिमेला मोठी खिडकी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे आणि खानापूरच्या जंगलाकडून येणारा पाऊस त्या खिडकीतून फार देखणा दिसतो. मी तेथे दोन महिने बसलो. त्या दोन महिन्यांत मी पावसाची पस्तीस पाने लिहिली आणि खून एकही झाला नाही.

त्या दिवसांत मला अगाथा ख्रिस्ती यांचा आधार वाटला. त्यांच्या निधनानंतर 1977 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी म्हटले आहे की लिहिण्यासाठी त्यांना एक न डगमगणारे टेबल आणि टंकलेखन यंत्र एवढेच लागे; झोपायच्या खोलीतले हात-तोंड धुण्याचे संगमरवरी मेज त्यांना चाले, आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेत जेवणाचे टेबलही चाले. छायाचित्र काढायला आलेले वार्ताहर त्यांची लिहायची जागा विचारत, तेव्हा ख्रिस्ती यांचीच अडचण होत असे. शेरलॉक होम्सचा जन्मही काही निवांत अभ्यासिकेत झालेला नाही. कॉनन डॉयल यांनी 1882 साली साउथसी येथे दवाखाना थाटला, रोगी फारसे येईनात, आणि त्या रिकाम्या वेळात तो मानसपुत्र कागदावर उतरला. दाराची घंटा वाजते का याकडे एक कान ठेवून ते लिहीत असणार, असे मला नेहमी वाटते. तो लावून ठेवलेला कान हीच रहस्यकथाकाराची खरी मिळकत आहे. माडीवरच्या खोलीत मला सगळे दिसत होते आणि काहीच ऐकू येत नव्हते. खड्ड्यात बसले की ऐकू बरेच येते आणि दिसते फार थोडे.

किती थोडे, ते सांगतो. आमच्या सोप्याला रस्त्याच्या बाजूने एक बुटकी खिडकी आहे. वडिलांच्या वेळी रस्त्यावरून घरात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. पुढे रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडत गेला, जुना थर उकरण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, आणि आता त्या तीन पायऱ्यांची एकच उरली आहे. एका पावसाळ्यात गटाराचे पाणी सरळ सोप्यात आले, खड्डा काठोकाठ भरला आणि एका कादंबरीची शेवटची चाळीस पाने त्यात तरंगली. तक्रार कोणाकडे करायची हे विचारत मी महिनाभर हिंडलो आणि शेवटी ती पाने पुन्हा लिहिली. तेव्हापासून हस्तलिखित पत्र्याच्या पेटीत राहते. परंतु रस्ता उंच झाल्याचा एक लाभ मला मान्य केला पाहिजे. खड्ड्याच्या काठावर बसल्यावर त्या खिडकीतून जाणारा-येणारा माणूस मला केवळ गुडघ्याखालीच दिसतो.

गेल्या हिवाळ्यात रात्री अकराच्या सुमारास एक चपलांचा जोड खिडकीसमोर येऊन उभा राहू लागला. पुरुषाचे पाय, उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तो हिरव्या सुताने बांधलेला. पाच-सात मिनिटे ते पाय तेथे थांबत, कधी जागच्या जागी वळत, आणि आले त्या दिशेने निघून जात. सूत हिरवे म्हणजे माणूस यंत्रमागावर कामाला असणार. आल्या दिशेने परत जातो म्हणजे त्याला कोठे जायचे नसून येथेच यायचे असते. रोज अकरालाच येतो म्हणजे पाळी सुटण्याची वेळ. एवढ्या सामग्रीवर मी तीन प्रकरणे उभी केली. मग एके दिवशी नातीने सांगितले की गल्लीत मोबाइलची रेंज आमच्या खिडकीसमोरच चांगली मिळते आणि तो मुलगा लग्न ठरलेल्या मुलीशी बोलायला येतो. खुलासा बिनतोड होता, पण मला त्याचा काही उपयोग नव्हता. मी प्रकरणे तशीच ठेवली आणि नातीला ती वाचू दिली नाहीत.

डोळ्यांना मिळते ते असे गुडघ्यापुरते. कानांचे वेगळे आहे.

आमच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. सकाळी सुरू झालेला त्यांचा खडखडाट रात्रीपर्यंत चालतो आणि गल्लीतील माणसे त्यावर आवाज चढवून बोलतात. बाहेरच्या माणसाला वाटते की येथे सदैव भांडणे चालू आहेत. अशा वेळी एकाएकी वीज जाते. माग एका क्षणात गप्प होतात, माणसे मात्र लगेच गप्प होत नाहीत. चढवलेला आवाज खाली आणायला त्यांना दोन-तीन क्षण लागतात, आणि तेवढ्यात एखादे वाक्य, जे शेजाऱ्यालाही ऐकू जायचे नव्हते, सगळ्या गल्लीभर स्वच्छ उमटते. मागचे ठाऊक नाही, पुढचे ऐकू येत नाही, मध्येच तोडून दिलेल्या सुतासारखे ते एकटे वाक्य माझ्या फळीवर येऊन पडते. माझ्या कादंबऱ्यांपैकी निदान तीन अशा वाक्यांतून निघाल्या आहेत.

त्यांतले एक वाक्य मी आज सांगणार आहे, कारण ते कळण्यासाठी आमच्या भागातलेच कान लागतात. आमच्याकडे दूध घालणारे मामा कट्ट्यावर उभे राहून शेजारच्या अण्णांशी बोलत होते. वीज गेली, माग थांबले, आणि मामांचा आवाज खणखणीत आला, "मी बघितलो खरं सांगितलो नाही!"

श्रोतेहो, पुण्या-मुंबईच्या माणसाने हे ऐकले तर तो पहिल्यांदा व्याकरणाला हसेल. 'मी बघितले', 'मी सांगितले' असे म्हणायच्या ऐवजी आम्ही 'मी बघितलो', 'मी सांगितलो' म्हणतो. कन्नडच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याचा तो परिणाम आहे आणि त्याची लाज वाटण्याचे मला काही कारण दिसत नाही. हसून झाल्यावर तो त्या वाक्याचा अर्थ लावील: या माणसाने काहीतरी पाहिले आणि विचारल्यावर खरे सांगितले नाही. म्हणजे तो खोटे बोलला. पण बेळगाव-कोल्हापूरकडचा माणूस 'खरं' हा शब्द 'पण' या अर्थाने दिवसातून शंभर वेळा वापरतो. येतो म्हणाला खरं आला नाही. पाऊस पडला खरं विहीर भरली नाही. आमच्या कानांना मामांचे म्हणणे इतकेच ऐकू येते की त्यांनी पाहिले, पण कोणाला सांगितले नाही. एका अर्थाने मामा खोटारडे ठरतात, दुसऱ्या अर्थाने नुसते गप्प राहिलेले. मामांनी काय पाहिले होते, म्हणाल तर शेजारच्या शेवग्याची फांदी कोणाच्या टेम्पोने मोडली, एवढेच. परंतु तेच वाक्य एका खुनाच्या साक्षीदाराच्या तोंडी घातले, जबाब उतरवून घेणारा बाहेरगावचा अधिकारी 'बघितलो' या शब्दानंतर स्वल्पविराम देतो असे दाखवले, आणि त्या स्वल्पविरामाच्या जोरावर एक निरपराध माणूस दोनशे पाने संशयित राहिला. पुरावा वाचकापासून लपवायचा नाही, हा आमच्या धंद्याचा जुना दंडक आहे. तो मी पाळला होता: साक्षीदार ते वाक्य दुसऱ्याच प्रकरणात बोलतो, आणि तेथे स्वल्पविराम नाही. सीमेपलीकडच्या वाचकांनी पत्रे पाठवून शेवटाचे कौतुक केले. आमच्या गल्लीतल्या वाचकांनी मात्र तिसऱ्या प्रकरणातच पुस्तक मिटून मला खुनी सांगितला.

वडिलांचे एक बोलणे या जागेवर बसले की हमखास आठवते. ताण्यात, म्हणजे मागावर लावलेल्या उभ्या सुतात, एक धागा चुकला तर ती चूक लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी दिसते. आडव्या सुताची चूक मात्र चार बोटे उसवून सुधारता येते. म्हणून ताणा लावायच्या दिवशी ते कोणाशी बोलत नसत. मी तो नियम तसाच उचलला आहे. गुन्हा कोणी केला, किती वाजता केला, त्या वेळी प्रत्येक माणूस कोठे होता, हा माझा ताणा; तो एका लांब कागदावर पुरा लावून झाल्याशिवाय मी पहिले प्रकरण लिहीत नाही. संवाद बिघडला, वर्णन लांबले, तर ते उसवता येते. पण खुनाची वेळ पंधरा मिनिटांनी चुकली तर ती चूक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उभी राहते आणि ती पहिल्यांदा गल्लीतल्याच कोणाच्या तरी नजरेला पडते.

खड्ड्याच्या भिंतीत हाताला येईल असा एक कोनाडा आहे. त्यात वडील धोटे आणि तेलाची बाटली ठेवीत. माझी त्यात पेनाची शाई असते आणि शिवाय वडिलांच्या सूतखरेदीची काही जुनी बिले, गावाच्या नावाचा इंग्रजी शिक्का मारलेली. या गावाच्या नावाचे सरकारी इंग्रजी स्पेलिंग 1 नोव्हेंबर 2014 पासून बदलले. बिलांवर अर्थातच जुने आहे. त्याआधीच्या तारखेच्या एखाद्या करारपत्रावर नव्या स्पेलिंगचा शिक्का आढळला तर ते पत्र नंतर तयार केलेले आहे हे उघड होते. ही युक्ती मी अजून वापरलेली नाही. आता आपल्याला सांगितल्यामुळे बहुधा वापरता येणार नाही.

मध्यंतरी मुलाने सोप्याला फरशी घालायचे ठरवले. गवंडी आला, त्याने खड्ड्यात टेप टाकला, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "पाव ब्रास मुरूम बसतंय बघा, सर." चार गुणिले अडीच गुणिले अडीच, म्हणजे पंचवीस घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास, हिशेब अचूक होता. मी विचारले, "त्याहून कमी मुरमात भरेल का?" माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने पाहत तो म्हणाला, "कमी कसं लागंल? धुम्मस मारलं की मुरूम दबतंय, उलट जास्तच लागतंय. आत आधीच काय तर पडलेलं असलं, तरच कमी."

फरशीचे काम मी पुढच्या उन्हाळ्यावर ढकलले आहे. सध्या हातात असलेल्या कादंबरीत शहापुरातल्या एका विणकराच्या घरातला मागाचा खड्डा बुजवला गेला आहे, आणि मुरमाच्या बिलात तीन घनफूट कमी भरत आहेत.