अप्रेझर बँकेचा, इन्स्पेक्टर तुमचा

(न्यू जर्सीतल्या एडिसन इथे मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. "एफएचए कर्जावर, म्हणजे सरकारी विमा असलेल्या गृहकर्जावर, घर घेतोय, म्हणजे सरकारचा माणूस येऊन घर तपासून जाणारच आहे. मग वेगळं इन्स्पेक्शन करून पैसे कशाला घालवायचे?" हा प्रश्न आपल्या लोकांकडून मला इतक्यांदा येतो, की आज त्याच्याच उत्तरावर बोलायचं ठरवलंय. मी स्वतः होम इन्स्पेक्टर आहे. तेव्हा माझ्या बोलण्यातून धंद्याचा वाटा वजा करूनच ऐका.

पहिली गोष्ट, तो माणूस सरकारचा नसतो. तो खासगी अप्रेझर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, असतो. राज्याचं सर्टिफिकेट असतं आणि एफएचएच्या यादीत नाव असतं, एवढाच त्याचा सरकारशी संबंध. फी तुमच्या खिशातून जाते, पण त्याला काम देतो लेंडर, म्हणजे कर्ज देणारी बँक. आकडा जरा वर काढ, असं तुम्ही, तुमचा एजंट किंवा खुद्द लेंडरसुद्धा त्याला सांगू शकत नाही. २००८ च्या पडझडीनंतर २०१० मध्ये आलेल्या डॉड-फ्रँक कायद्याने तो दरवाजा बंद केला. त्याच्या रिपोर्टची प्रत मात्र क्लोजिंगच्या, म्हणजे व्यवहार पुरा होऊन घर नावावर होण्याच्या, निदान तीन कामाचे दिवस आधी तुमच्या हातात आली पाहिजे. ती मागून घ्या आणि वाचा. लोक शेवटच्या पानावरचा आकडा बघतात आणि फाइल मिटतात.

आता एफएचए म्हणजे काय, ते थोडक्यात. एफएचए कुणालाही कर्ज देत नाही. १९३४ साली, महामंदीत, बँका घरांसाठी पैसे सोडायला तयार नव्हत्या म्हणून ही संस्था निघाली. कर्ज बँकेचं, आणि तुम्ही ते बुडवलंत तर बँकेचं नुकसान एफएचए भरून देते. या विम्याचा हप्ता तुम्ही भरता. सुरुवातीला कर्जाच्या १.७५ टक्के आणि पुढे बहुतेकांना वर्षाला ०.५५ टक्के. थोडक्यात, संरक्षण बँकेला आणि पैसे तुमचे. त्या बदल्यात ५८० क्रेडिट स्कोअरवरसुद्धा ३.५ टक्के डाउन पेमेंटमध्ये घर मिळू शकतं. सौदा वाईट नाही, पण अप्रेझर कुणाच्या काळजीपोटी घरात शिरतो हे यातच कळतं.

इथे एच-वन व्हिसावरची बरीच तरुण मंडळी दिसतायत. त्यांना आत्ताच सांगून टाकतो, २५ मे २०२५ पासून कायमचा रहिवास नसलेल्यांना एफएचए कर्ज बंद झालंय. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांनाच ते मिळतं. जुने ब्लॉग वाचून अजून लोक विचारत असतात. तुम्ही कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा नसलेलं, कर्ज घ्याल, तर मधला काही भाग तुमच्या कामाचा नाही; चहा बाहेर मांडलाय. इन्स्पेक्शनच्या वेळी मात्र आत या.

अप्रेझरला एफएचएसाठी दोन कामं असतात. पहिलं किंमत ठरवण्याचं. आसपास अलीकडे विकली गेलेली, या घरासारखी निदान तीन घरं घ्यायची आणि फरकांची वजाबाकी-बेरीज करून आकडा काढायचा. दुसरं काम घर एफएचएच्या किमान अटींत बसतं का हे पाहण्याचं. राहणारा सुरक्षित आहे का, घर धड उभं आहे का, आणि तारण म्हणून टिकेल का, या तीन प्रश्नांपलीकडे त्या अटी फारशा जात नाहीत. हे दुसरं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा बारीक आहे, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा उथळही.

बारीक कसं ते बघा. घर १९७८ च्या आधीचं असेल आणि कुठेही रंगाचे पापुद्रे निघालेले असतील, आत किंवा बाहेर, तर ते दुरुस्त केल्याशिवाय कर्ज पुढे सरकत नाही. १९७८ पर्यंत रंगात शिसं चालायचं, म्हणून ही अट. छपराचं आयुष्य दोन वर्षांपेक्षा कमी उरलंय असं वाटलं, तर दुरुस्ती किंवा नवं छप्पर. अॅटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, आणि क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराखालच्या बुटक्या पोकळीत, निदान डोकं आणि खांदे आत घालून त्याने बघायचं असतं. वीज, पाणी, गॅस चालू असायला हवं, कारण नळ सोडून, फ्लश करून, हीटिंग लावून त्याला बघायचं असतं. बँकेने जप्त केलेल्या घरांत मीटर तोडलेले असतात, आणि मग सगळं तिथेच अडतं. विहिरीचं पाणी असेल तर विहीर सेप्टिक टँकपासून ५० फूट आणि त्याच्या ड्रेन फील्डपासून (सांडपाणी जमिनीत मुरतं त्या जागेपासून) सर्वसाधारणपणे १०० फूट लांब लागते. बेडरूमच्या खिडकीला गज असतील तर आग लागल्यावर आतून झटकन उघडणारे हवेत. आपल्याकडे पुण्या-मुंबईत पक्के गज म्हणजे सुरक्षितता, इथे उलटं.

यांतलं काही खटकलं, की रिपोर्टवर शेरा येतो: ही दुरुस्ती झाली तरच ही किंमत. मग दुरुस्ती, मग पुन्हा फेरी, आणि क्लोजिंग लांबतं. म्हणूनच पुष्कळ सेलर एफएचएची ऑफर म्हटलं की नाक मुरडतात. त्यांची भीती बरीचशी शिळी आहे. २००५ च्या डिसेंबरात एफएचएने नियम सैल केले. तडकलेली खिडकीची काच, पडायचा धोका नाही अशा जागी नसलेला कठडा, झिजलेली फरशी, किरकोळ गळणारा नळ, असल्या गोष्टी आता फक्त नोंदवायच्या असतात. त्यांच्यासाठी कर्ज अडत नाही. पण एजंटांच्या आठवणी लांब असतात. तुमचा एजंट जर सेलरच्या, म्हणजे लिस्टिंग, एजंटला हे नीट समजावून सांगू शकत नसेल, तर दुसरा एजंट बघा, असं माझं सरळ मत आहे.

आता उथळ कुठे, ते. अप्रेझर घरात बहुधा तासाभराच्या आत मोकळा होतो. तो जे दिसतं ते लिहितो. न दिसणारं शोधून काढणं त्याचं कामच नाही.

न्यू जर्सीतलंच उदाहरण घेऊ. इथली कितीतरी जुनी घरं एकेकाळी तेलावर तापवली जायची आणि तेलाची टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला आणि टाकी तशीच राहिली. भिंतीजवळ तेल भरायचा फिल पाइप डोकावत असेल तर अप्रेझर नोंद करेल. पण कुणीतरी तो पाइप कापून वर हिरवळ लावली असेल, तर त्याला कळायचं काही कारण नाही. लोखंड गंजतं, टाकी गळते, तेल मातीत आणि तिथून भूजलात जातं. घर तुमच्या नावावर झालं की ती साफसफाई तुमच्या गळ्यात, आणि तिचा खर्च कधीकधी तुमच्या डाउन पेमेंटच्या कितीतरी पट असतो. साधा होमओनर्स विमा यात बहुधा हात वर करतो. काही शे डॉलरमध्ये टाकीचा शोध घेणारे लोक उपकरण घेऊन अंगणभर फिरतात. जुनं घर असेल, तर मी हे इन्स्पेक्शनच्याही आधी करायला सांगतो. टाकी सापडली तर ती काढून, खालची माती तपासून, नगरपालिकेचे कागद सेलरने द्यायचे. "टाकी वाळूने भरून बंद केलीय" एवढ्यावर भुलू नका, कागद मागा.

रेडॉनचं तसंच. जमिनीतून येणारा हा किरणोत्सारी वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि अप्रेझर तो मोजत नाही. राज्याच्या वायव्येकडे, डोंगराळ भागात, तो जास्त सापडतो. पर्यावरण खात्याची मर्यादा लिटरमागे ४ पिकोक्युरी. त्यावर निघाला तर पाइप आणि पंखा बसवून काम भागतं, आणि तो खर्च सेलरकडून मागता येतो. पण आधी मोजलं पाहिजे ना!

मग विजेचं पॅनल. फेडरल पॅसिफिक कंपनीचं जुनं स्टॅब-लॉक पॅनल असेल, तर गरज असताना त्यातले ब्रेकर पडत नाहीत अशी त्यांची ख्याती आहे. पॅनलचं झाकण उघडून बघायचं काम इन्स्पेक्टरचं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातली अॅल्युमिनियमची वायरिंग, ऐंशीच्या दशकातले पॉलिब्युटिलीनचे राखाडी पाइप, हे सगळं इन्स्पेक्टरने शोधायच्या धोक्यांच्या यादीतलं. घर ते रस्ता या सांडपाण्याच्या लाइनमध्ये कॅमेरा घालायला इन्स्पेक्टरला वेगळे पैसे द्यावे लागतात. मोठी झाडं असतील तर द्या. मुळं पाइपात शिरतात. आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी स्वतः या. तीन-चार तास जातात, जाऊ देत. पीडीएफ वाचून पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते लक्षात राहत नाही.

"एफएचएने मंजूर केलं म्हणजे घर चांगलं" हा समज एकेकाळी फार महागात पडलाय. एफएचएने सुरुवातीची तीसेक वर्षं कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना कर्जविमा जवळपास नाकारलाच होता. १९६८ च्या कायद्यांनंतर तोच विमा शहरांच्या जुन्या भागांत मोकळा झाला, आणि दलालांची चंगळ झाली. डेट्रॉइटमध्ये मोडकळीला आलेली घरं स्वस्तात घ्यायची, वरून रंग मारायचा, अप्रेझरला पैसे चारून किंमत फुगवायची आणि गरीब कुटुंबांना विकायची. घर घेणाऱ्याला वाटायचं, सरकारने बघितलंय. पहिल्याच हिवाळ्यात घर तापवणारा फर्नेस बंद पडायचा. दुरुस्तीला पैसे नाहीत, घराला कुलूप लावून माणसं निघून जायची. बँकेला विम्याचे पैसे मिळायचे आणि हजारो रिकामी घरं सरकारच्या अंगावर पडली. चौकशा झाल्या, खटले झाले, आणि जानेवारी १९७३ मध्ये निक्सन सरकारने अनुदानित घरांचे नवे कार्यक्रम गोठवले.

आज एफएचएच्या कागदांत एक फॉर्म असतो, "तुमच्या संरक्षणासाठी: घराचं इन्स्पेक्शन करून घ्या" या मथळ्याचा. एफएचए घराच्या किमतीची किंवा अवस्थेची हमी देत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. खुद्द सरकारच सांगतंय, आमच्यावर विसंबू नका. आणि आपण पन्नास कागदांच्या चळतीत तो न वाचता सही करून मोकळे होतो.

किंमत कमी आली तर? समजा करार ५,२०,००० डॉलरचा आणि अप्रेझल ५,००,००० चं. कर्ज कमी आकड्यावर मिळणार. ३.५ टक्के म्हणजे १७,५००, वर फरकाचे २०,०००. मुळात १८,२०० ची तयारी केलेल्या माणसाला आता ३७,५०० लागतात, क्लोजिंगचा खर्च वेगळाच. पण एफएचएच्या करारात अमेंडेटरी क्लॉज असतो. अप्रेझल करारातल्या किमतीपर्यंत पोचलं नाही, तर तुम्ही बयाण्याचे पैसे न गमावता बाहेर पडू शकता. म्हणून सेलर बोलायला तयार होतो. आणि अप्रेझरच्या नजरेतून एखादी जवळची विक्री सुटली असेल, तर लेंडरमार्फत फेरविचार मागता येतो. त्यासाठी पत्ता, तारीख, किंमत द्या. "आमच्या किचनला ग्रॅनाइट आहे" याने काही होत नाही.

आपली काही मुलं इथल्या सैन्यात आहेत, त्यांच्यासाठी व्हीए, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची हमी असलेलं कर्ज. तिथे अप्रेझर व्हीए स्वतः नेमते, आणि आकडा कमी येणार असं दिसलं तर तो रिपोर्ट देण्याआधीच सूचना पाठवतो. त्याला टाइडवॉटर म्हणतात. तुमच्या बाजूला विक्रीचे दाखले द्यायला दोन कामाचे दिवस मिळतात. तेवढ्यात एजंट जागा असला पाहिजे.

फ्लिपरकडून, म्हणजे घर स्वस्तात घेऊन डागडुजी करून लगेच विकणाऱ्याकडून, घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. विकणाऱ्याने घर घेऊन ९० दिवस झाले नसतील, तर काही अपवाद सोडता एफएचए चालत नाही. ९१ ते १८० दिवसांत किंमत दुप्पट किंवा जास्त झाली असेल तर दुसरं अप्रेझल लागतं, आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. नवीन किचनच्या मागे जुनी वायरिंग तशीच ठेवलेली मी इतकी पाहिलीत, की मला तर अशा घरांत आधी बेसमेंटमध्ये जायची सवय लागलीय.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, घर स्वस्त आहे, पण बेसमेंटची भिंत आत वाकलीय आणि ते अटींत बसत नाही, तर काय? त्यासाठी एफएचएचंच २०३(के) कर्ज आहे. खरेदी आणि दुरुस्ती एकाच कर्जात, आणि अप्रेझल दुरुस्तीनंतरच्या किमतीवर. लिमिटेड प्रकारात दुरुस्तीची मर्यादा २०२४ च्या नोव्हेंबरात ३५,००० वरून ७५,००० डॉलर झाली. छप्पर, रंग, फर्नेस, किचन त्यात बसतं. घराच्या सांगाड्याला हात लावायचा असेल तर स्टँडर्ड प्रकार, आणि तिथे हडच्या (एफएचए ज्याच्या हाताखाली येते त्या गृहनिर्माण खात्याच्या) यादीतला कन्सल्टंट नेमावा लागतो. तुम्ही सांगताय तशी बेसमेंटची भिंत आत वाकली असेल, तर लिमिटेडचा विचार सोडा. ऑफर देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जा, आणि मला बोलवायचं ते त्याच्यानंतर.