‘प्री-व्हेट’च्या पाटीला भुलू नका

भारतात ‘नीट’ दिली की बारावीनंतर थेट बी.व्ही.एस्सी.ला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीला, प्रवेश मिळतो. अमेरिकेत तसं नाही. इथे आधी कॉलेजची पदवी आणि मग व्हेट स्कूलमध्ये, म्हणजे पशुवैद्यक महाविद्यालयात, चार वर्षांचं डी.व्ही.एम. त्यामुळे मुलगी हायस्कूलमध्ये असतानाच घरात प्रश्न येतो, कॉलेज कोणतं घ्यायचं?

कॉलेजांच्या माहितीपत्रकांवर ‘प्री-व्हेट’ असं ठळक छापलेलं असतं. ती बहुतेक ठिकाणी पदवी नसतेच, फक्त सल्ला-मार्गदर्शनाची सोय असते. व्हेट स्कूलला ठरावीक विषय आणि त्यांतले ग्रेड हवे असतात. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, इतिहास असला तरी चालतो. ज्या विद्यापीठात व्हेट स्कूल आहे तिथेच शिकलं म्हणून पुढे जागा राखून ठेवत नाहीत.

खरी अडचण होते ती केमिस्ट्रीच्या साखळीत. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, ऑरगॅनिकचे दोन, त्यानंतर बायोकेमिस्ट्री. एक झाल्याशिवाय पुढचा घेता येत नाही, म्हणजे पाच सेमिस्टर गेलीच. व्हीएमकॅस या सामाईक पोर्टलवरचा अर्ज सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरावा लागतो. चौथं वर्ष संपताच व्हेट स्कूलला जायचं असेल, तर अर्जात पहिल्या तीनच वर्षांचे ग्रेड दिसतात. आता समजा, गणिताच्या प्लेसमेंटमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सुरुवातीच्या पातळी-चाचणीत, मूल कमी पडलं आणि पहिल्या सेमिस्टरला जनरल केमिस्ट्री मिळाली नाही. छोट्या कॉलेजात हा कोर्स बरेचदा फक्त फॉलमध्येच, म्हणजे वर्षाच्या पहिल्या सत्रातच, सुरू होतो. मग अख्खं वर्ष सरकतं, बायोकेमिस्ट्री सातव्या सेमिस्टरला जाते आणि तिच्या ग्रेडविनाच अर्ज जातो. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारती नंतर बघा. आधी विचारा, ऑरगॅनिकच्या लॅबमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांना जागा मिळते का? एपीचं, म्हणजे हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांचं, क्रेडिट सगळी व्हेट स्कूलं धरत नाहीत, हेही आत्ताच तपासा.

दुसरी गोष्ट पैशांची, आणि इथे मी आग्रहाने बोलणार आहे. 1 जुलै 2026 पासून नव्या विद्यार्थ्यांना अशा व्यावसायिक पदवीसाठी फेडरल कर्ज वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 डॉलरपर्यंतच मिळतं. उरलेला खर्च भागवणारं ‘ग्रॅड प्लस’ हे फेडरल कर्ज त्यांच्यासाठी बंद झालं. सरकारी व्हेट स्कूलं आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात, फीही कमी घेतात. तेव्हा नावाजलेल्या महागड्या कॉलेजात पदवीपुरतंच मोठं कर्ज करून ठेवू नका. आपल्या राज्यात व्हेट स्कूल नसेल तर शेजारच्या राज्याशी करार आहे का ते बघा. नेब्रास्काची मुलं पहिली दोन वर्षं लिंकनला आणि पुढची दोन शेजारच्या आयोवा स्टेट विद्यापीठात शिकतात.

एच-4 वर, म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्या पालकांच्या आश्रित व्हिसावर, असलेल्या मुलांचं गणित आणखी वेगळं. वयाची एकवीस वर्षं पूर्ण होताच हा व्हिसा संपतो, म्हणजे नेमका पदवीच्या मधेच. फेडरल कर्जही त्यांना मिळत नाही. ज्या व्हेट स्कूलांवर नजर आहे ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतात का, हे कॉलेज निवडण्याआधीच लेखी विचारून घ्या.

आता प्राण्यांचं. अर्जात डॉक्टरांच्या देखरेखीखालचे तास आणि नुसते प्राण्यांसोबतचे तास वेगवेगळे भरायचे असतात. घरचा कुत्रा सांभाळणं पहिल्या रकान्यात बसत नाही. कॉलेजचा स्वतःचा गोठा असेल, जवळपास गाईगुरांचा डॉक्टर असेल, तर सत्र चालू असतानाही अनुभव मिळतो. तारीख, तास आणि डॉक्टरांचं नाव त्याच दिवशी वहीत टिपा. किमान तीन शिफारसपत्रं लागतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांतलं एक पशुवैद्याचंच हवं असतं. दोन आठवडे येऊन गेलेल्या मुलाबद्दल कोणताही डॉक्टर चार ओळींपलीकडे काय लिहिणार?