सुपारी कुणी सोडवली?

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते एका न लिहिलेल्या कादंबरीबद्दल. ऐतिहासिक प्रेमकथा, तीत फसवणूक आणि वर रहस्य, हा मसाला वाचकाला आवडतोच. आपल्याकडे तो कालवताना एक अडचण येते आणि बरेच लेखक तिच्याकडे काणाडोळा करतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या नागपुरात आपली नायिका नायकाला भेटणार कुठे? आठ-नऊ वर्षांची झाली की मुलगी बोहल्यावर. मग लेखक घोडा फेकणारी, अठरा वर्षांची, बिनलग्नाची सरदारकन्या आणतो, तिला जुम्मा तलावाच्या काठी एकटीच फिरायला पाठवतो आणि तिच्या पायात काटा रुतवतो. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

मला वाटतं, त्या काळच्या घरांत प्रणय होता, पण तो लग्नानंतर सुरू व्हायचा. तेव्हा फसवणूकही तिथेच, लग्नाच्या आत घालावी. त्यासाठी परक्या मुलखात जायची गरज नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, पण पार्वतीबाईंनी अखेरपर्यंत वैधव्य मानलं नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गेली, कोकणातला मुलूख गेला, शेवटी १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. हे झालं पेशव्यांच्या घरातलं. हीच गोष्ट नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या कारकुनाच्या वाड्यात घडली असती तर? तिथे ना फौज, ना नाना फडणवीस. फक्त ओसरी, माजघर आणि एक सून.

समजा, नऊ वर्षांची मुलगी आणि सोळा वर्षांचा मुलगा. लग्न होतं. मुलगा लिहिण्यात तरबेज, म्हणून भोसल्यांच्या फौजेबरोबर लेखनिक म्हणून जातो. १८०३ चा सप्टेंबर, इंग्रजांशी असईची लढाई. २९ नोव्हेंबरला अकोटजवळ अडगावची. डिसेंबरात गाविलगड पडतो, देवगावचा तह होतो, फौज घरी येते. मुलगा येत नाही. मेल्याची खबरही येत नाही. तेरा वर्षं ती कुंकू लावते आणि मंगळागौरीला बोलावलं की बायका एकमेकींकडे बघतात. १८१६ मध्ये दारात एक माणूस उभा राहतो. दाढी वाढलेली, उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. म्हणतो, मी आलो.

सासू त्याला छातीशी धरते. चुलतदिराचा चेहरा उतरतो, कारण वाटणी त्याने केव्हाच गिळलेली. आणि सून? तिने नवऱ्याला पाहिलं ते अंतरपाटाच्या वरून, तेही आजोळच्या मामाने उचलून धरलं म्हणून.

आता गंमत बघा. तो परमुलखात राहून आलेला, कुणाच्या हातचं काय खाल्लं कोण जाणे. प्रायश्चित्त झाल्याशिवाय पंगतीला घेता येत नाही. त्यात चातुर्मास लागलेला, फलशोभनाला, म्हणजे नवराबायको पहिल्यांदा एकत्र येण्याच्या विधीला, मुहूर्त नाही. म्हणजे चार महिने तो ओसरीवर आणि ती आत. वडीलधाऱ्यांसमोर बोलायची सोय नाही. निरोप न्यायला दिराचा पाच वर्षांचा पोरगा, आणि तो निम्मा निरोप विसरतो. कादंबरीकाराला याहून काय पाहिजे? ओसरीवरचा तो माणूस विहिरीवरून दोन घागरी भरून ठेवतो, कुणी सांगितलेलं नसताना. ती भाकरी वाढून धाडते आणि ताट परत आलं की त्यात काय उरलंय ते बघते. लहानपणी कारलं न खाणारा नवरा आता कारलं चाटूनपुसून खातो. माणूस बदलला, की माणूसच दुसरा? प्रत्येक जवळीक हा पुरावा होतो, आणि प्रत्येक पुरावा तिला त्याच्या आणखी जवळ नेतो.

रहस्यासाठी एक पत्र ठेवावं. अडगावाकडून आलेलं, नवऱ्याचं, मोडीतलं, तिच्या पेटीत जपलेलं. अशा जुन्या पत्रांत पुष्कळदा नुसता ‘छ’ घालून चांद्र तारीख आणि मुसलमानी महिना असतो, साल नसतंच. समजा त्यावर आहे ‘छ २० साबान’. अडगावची लढाई त्याच साबान महिन्यातली, विसाव्याच्या साधारण आठवडाभर आधीची. पत्र त्या सालचं असेल, तर लढाईनंतर तो जिवंत होता आणि तरी घरी आला नाही. आदल्या सालचं असेल, तर त्याला काहीच अर्थ नाही. आणि हात पारखायला तिला नवं पत्र मिळणार नाही, कारण लिहिणारी बोटंच गेलीत. खरोखर तोफेने गेली, की कुणी मुद्दाम घालवली, हे लेखकाने लगेच सांगू नये.

माझ्या डोळ्यांपुढे या कादंबरीचा मधला प्रसंग स्वच्छ उभा आहे. लग्नात सुपारी सोडवायचा खेळ झालेला. नवऱ्याच्या मुठीतली सुपारी नवरीने दोन्ही हातांनी सोडवायची. नऊ वर्षांच्या पोरीला सोळा वर्षांच्या मुलाची मूठ कुठली उघडतेय! पण रडवेली झालेली बघून त्याने अंगठा हळूच ढिला केला. मांडव ओरडला, नवरी जिंकली! अंगठा ढिला झाला हे दोघांनाच ठाऊक. तेरा वर्षांनी ती दाराआडून विचारते, “सुपारी कुणी सोडवली होती, आठवतं का?”

तो क्षणभर थांबतो. म्हणतो, “तूच की.”

आता? ऐकीव माहितीवर आलेला तोतया हेच म्हणणार. आणि तेव्हा अंगठा ढिला करणारा मुलगाही आज हेच म्हणेल. त्याने तेव्हा उपकार बोलून दाखवला नाही, तो आता दाखवेल का? ती रात्रभर जागी राहते. वाचकानेही राहावं.

मागे नागपूर असतंच. १ फेब्रुवारी १८१७ च्या सकाळी नागपूरचे राजे परसोजी भोसले अंथरुणात मृत सापडले. त्यांचे चुलतभाऊ आणि कारभारी, पुढे स्वतः राजा झालेले अप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. पुढे इंग्रजांनी खुनाचा ठपका अप्पासाहेबांवर ठेवला. इथे नवशिक्या लेखकाचे हात शिवशिवतात. त्याला वाटतं, आपला नायक त्या रात्री पडद्यामागे उभा करावा आणि खुनी पकडावा. कृपा करून करू नका. त्या सकाळी राजवाड्यातला कारकून घरी येऊन दाराची कडी लावून घेतो, बायकोलाही काही सांगत नाही, एवढं पुरे. आणि नुकताच उगवलेला हा बिनबोटांचा मुलगा नागपूर दरबारातल्या इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सचा हेर तर नाही ना, ही कुजबुज गल्लीत आपोआप सुरू होईल. आणखी एक विनंती. पात्रांना चहा पाजू नका, आणि नागपूर म्हणून पानोपानी संत्री सोलू नका.

मग येतो २६ नोव्हेंबर १८१७. सीताबर्डीच्या दोन टेकड्या, रात्रभर गोळीबार, दुसऱ्या दिवशी भोसल्यांचा पराभव. नायकाला इथे मारून टाकणं फार सोपं. वीरमरण आलं की तोतया होता की नवरा, हा प्रश्नच मिटतो आणि लेखक सुटतो. मला ही पळवाट वाटते. पळायचंच असेल तर अप्पासाहेबांसारखं पळावं. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेत प्रयागला नेत असताना ते शिपायाच्या वेशात निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत गेले. तोही तोतयेपणाच, फक्त राजाने केलेला.

आपल्या माणसाला मात्र जगवावं. अप्पासाहेब गेले, गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी आले, कारभार जेन्किन्सकडे. चुलतदीर आता नव्या साहेबाच्या कचेरीत अर्ज करतो, की हा माणूस आमचा भाऊ नव्हे. साक्षीला सुनेला बोलावतात. पडदा धरतात. कारकून बोरू शाईत बुडवून बसलेला, आणि पडद्याआड तिला शपथेवर विचारतात, हा तुझा नवरा आहे का?

तोवर तिला पत्राचं साल कळलेलं असावं. नवरा लढाईनंतर जिवंत होता आणि स्वतःच्या मर्जीने आला नाही, हे तिला ठाऊक असावं. म्हणजे समोरचा खरा असेल तर तिला टाकून गेलेला, आणि खोटा असेल तर तिच्यासाठी घागरी भरणारा. काही वाचक म्हणतील, तिने खरं तेच सांगावं. मी लिहीत असते, तर तिला ‘हो’ म्हणायला लावलं असतं, आणि ते खरं होतं की खोटं, हे कचेरीला नाही, चुलतदिरालाही नाही, फक्त पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या त्या एका माणसाला कळलं असतं.

नमस्कार.