साठ खुर्च्यांचं नाटक

(माहितीपटाचं निवेदन. दृश्य : संध्याकाळ. अरुंद जिना. खांद्यावर बांबू घेतलेली तीन मुलं.)

बारा फुटांचा बांबू जिन्याच्या वळणावर अडकतो. वरचा ओढतो, खालचा ढकलतो, मधला "सांभाळ, भिंत घासतीये" म्हणत राहतो. असे चार बांबू वर जायचे आहेत. त्यानंतर सात दिवे, दोन स्पीकर, वायरींची दोन पोती, एक लोखंडी खाट आणि साठ खुर्च्या.

पुणे, सदाशिव पेठ. पहिल्या मजल्यावरच्या या हॉलमध्ये सकाळी योगवर्ग भरतो. संध्याकाळी सहा ते साडेनऊ तो नाटकवाल्यांचा. वर लाकडी तुळया, एका भिंतीला चार खिडक्या आणि आत-बाहेर करायला एकच दार. येत्या शनिवारी इथे एका नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे. प्रेक्षक साठच. एकसष्टावी खुर्ची काल मांडून पाहिली, ती खाटेला टेकते.

(दृश्य : फरशीवर पांढरी पट्टी चिकटवणारा हात.)

याला मार्किंग म्हणतात. ही पट्टी म्हणजे दार. ही मोरी. हा ओटा. या नाटकाच्या तालमी चार महिने चालल्या आणि त्या एका जागी कधीच झाल्या नाहीत. कुणाची गच्ची, कुणाच्या सोसायटीचं पार्किंग, एका शाळेचा रिकामा वर्ग. जागा मिळाली की आधी टेप लावून पट्ट्या मारायच्या. मग ती जागा म्हणजे नाटकातल्या मायलेकींची खोली. चार महिन्यांत त्या पट्टीवरून, म्हणजे भिंतीतून, कुणी चाललेलं नाही. घाईत पाणी आणायला निघालेला पोरगाही दारातूनच जातो. पाहा.

(दृश्य : मुलगा पट्ट्यांना वळसा घालून पाण्याच्या बाटलीकडे जातो.)

नाटकात आई आहे, मुलगी आहे आणि सामान न्यायला आलेला एक टेम्पोवाला. वाडा पुनर्विकासाला गेलाय. उद्या घर रिकामं करायचंय. नव्वद मिनिटं दोघी फक्त भांडी बांधतात.

(आवाज वाढवा : वर्तमानपत्राचा कागद, पितळेच्या डब्याचं झाकण.)

हा आवाज ऐका. डब्याचं झाकण फिरतंय, घट्ट बसत नाहीये. मुलगी विचारते, "आई, हा ठेवायचा का?" आई काहीच बोलत नाही. झाकण पुन्हा फिरवते. हजारभर खुर्च्यांच्या नाट्यगृहात हा आवाज चौथ्या रांगेपर्यंतही पोचणार नाही. तिथे आईला बोलावं लागेल, मान वळवावी लागेल, काहीतरी मोठं करावं लागेल. इथे शेवटची खुर्ची तिच्यापासून पंधरा फुटांवर आहे. तिचा अंगठा झाकणाच्या कडेवर थांबतो, तेही दिसतं. हे नाटक या खोलीच्या मापानेच लिहिलं गेलंय. छोटी जागा परवडते म्हणून घेतली असेल असं बाहेरच्याला वाटतं. तालमीला दोन संध्याकाळी बसल्यावर आम्हाला तरी तसं वाटेनासं झालं.

(निवेदन नाही. चाळीस सेकंद फक्त तालीम.)

(दृश्य : खिडकीचे गज. सुतळीने बांधलेला बांबू. त्यावर दिवा चढतो.)

नाट्यगृहात दिवे टांगायला डोक्यावर लोखंडी बार असतात. इथे खिडकीचे गज आणि तुळया. बांबू आडवा बांधायचा, क्लॅम्पने दिवा कसायचा आणि वर प्रत्येक दिव्याला वेगळी साखळी. क्लॅम्प सुटलाच, तरी दिवा खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यात येता कामा नये. साखळी लागल्याशिवाय प्रकाशयोजनाकार शिडीवरून खाली उतरत नाही. सगळे त्याला दादा म्हणतात. दिवसा तो एका कंपनीत लेखा विभागात काम करतो.

आता विजेचं गणित, कारण अशा नाटकांचा निम्मा प्रकाश त्या गणितातून येत आलाय. जुना 'पार', म्हणजे रंगमंचावर झोत टाकणारा दिवा, एक हजार वॅटचा. आपल्या घरात गीझरसाठी असतो तो १६ अँपिअरचा प्लग साडेतीन हजार वॅटच्या थोडा पुढे जातो, त्यापलीकडे नाही. म्हणजे एका प्लगवर तीन दिवे. चौथा लावला की सगळंच जाणार. म्हणून दादा पहिला कागद मीटरच्या बोर्डापाशी उभं राहून लिहायचा : कोणत्या प्रवेशात कोणते तीन, आणि एक विझत असताना दुसरा कधी सुरू करायचा.

एलईडी दिवे आल्यापासून हे ओझं बरंच हलकं झालंय. इथेही सातपैकी सहा एलईडीच आहेत. सातवा मात्र जुना, काच तापणारा, समोर जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलेला. तो शेवटच्या प्रवेशासाठी राखून ठेवलाय. का, ते दादा करून दाखवतो.

(दृश्य : डिमरवरचं, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळीवरचं, बोट. दिव्याची तार. अगदी जवळून.)

डिमर खाली येतो तशी तार पांढऱ्याची पिवळी होते, मग केशरी, मग लाल. लाल काही क्षण रेंगाळते. मग काळोख.

पूर्ण काळोखात नटांना आपापल्या जागी जायचं असतं. फरशीवर रेडियमचे नखाएवढे ठिपके आहेत, पण आईची भूमिका करणारी बाई त्यांच्याकडे बघत नाही. ती पावलं मोजते. खाटेपासून दारापर्यंत सहा, मोरीपर्यंत चार. ओठ हलताना दिसतायत.

(दृश्य : भरत नाट्य मंदिराचा दर्शनी भाग. रहदारी.)

हे सगळं या शहराला नवं नाही. याच पेठेत, या भरत नाट्य मंदिरात, १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर. एका रांगेत उभे राहून झुलणारे नट हाच त्या नाटकाचा पडदा होता. भिंत हवी तेव्हा माणसांची भिंत व्हायची, दार हवं तेव्हा तीच रांग फुटायची. ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. ज्यांना ते थांबवायचं नव्हतं ते बाहेर पडले आणि १९७३मध्ये त्यांनी थिएटर अ‍ॅकॅडमी काढली. १९८०मध्ये तीच माणसांची भिंत युरोपात जाऊन उभी राहिली.

(दृश्य : दादर पश्चिम. छबिलदास शाळेची इमारत.)

मुंबईत याच काळात दुसरी गोष्ट घडत होती. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७१मध्ये 'आविष्कार' ही संस्था सुरू केली. १९७४पासून तिचे प्रयोग दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात होऊ लागले. शाळेचं सभागृह, नाटकासाठी बांधलेलं नव्हे. पण 'आविष्कार'ने ते इतर संस्थांनाही खुलं ठेवलं आणि पुढची दीड दशकं प्रायोगिक नाटकाचा पत्ता विचारला की लोक छबिलदास म्हणायचे. चळवळीला नाव मिळालं ते एका शाळेचं. पुढे 'आविष्कार' माहीमच्या महापालिका शाळेत गेली, तेव्हाही पुन्हा शाळाच. काकडेकाका २०१९मध्ये गेले. तोवर अर्धं शतक ते खुर्च्या, तारखा आणि माणसं जमवत राहिले. नट-दिग्दर्शकांची नावं सगळ्यांना पाठ असतात. तारखा जमवणाऱ्याचं नाव इथे मुद्दाम घेतोय.

पुण्यात हे काम शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचाने केलं. शे-दीडशे माणसांत बसून नाटक बघायची सवय एका पिढीला तिथे लागली. आज हिराबाग चौकात श्रीराम लागू रंग-अवकाश आहे, एरंडवण्यात 'द बॉक्स' आहे. अशा जागांमध्ये खुर्च्या नाटकाप्रमाणे हलवता येतात. प्रेक्षक समोर बसवा, दोन बाजूंना बसवा, चारही बाजूंना बसवा. हे स्वातंत्र्य किती मोठं आहे ते ज्याने आयुष्यभर पडद्याच्या चौकटीत नाटक बसवलंय त्याला विचारावं.

(दृश्य : कॉलेजचा पोर्च. पाऊस. वीसेक मुलं गोलात उभी.)

आणि ही मंडळी. पुढच्या महिन्यात पुरुषोत्तम करंडक आहे. महाराष्ट्रीय कलोपासक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा १९६३पासून घेतं आणि भर असतो तो संहिता, अभिनय आणि दिग्दर्शनावर, तांत्रिक चमत्कारांवर नाही. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी याच वातावरणात घडले. २०२२मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. त्यावर खूप चर्चा झाली. या मुलांना त्याबद्दल विचारलं, तर ती म्हणतात, "आम्हाला आधी पाठांतर करू द्या."

(आवाज : "आव्वाज कुणाचा!" पावसात विरत जातो.)

पेठेतल्या हॉलच्या जिन्यात बांबू ओढणाऱ्या तिघांपैकी दोघे याच स्पर्धेतून आले. त्यांची ओळख भरतच्या मागच्या अंगणात, हरल्यानंतरच्या चहावर झाली. स्पर्धा संपते, कॉलेज संपतं, आणि नाटक करायचं असतं ते तसंच राहतं. मग पाच-सहा जणांचा गट होतो. या शहरात असे गट किती असतील, मोजायला कुणी बसलेलं नाही. संध्याकाळी पेठांमधून फिरलात तर वरच्या मजल्यांवरून तालमीचे आवाज येतात.

(दृश्य : टेबलावर संहितेचा गठ्ठा. पानापानावर सही.)

एक काम कॅमेऱ्यात फारसं दिसत नाही, तरी त्याला सहा आठवडे गेले. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. प्रमाणपत्र हातात आल्यावरच तिकीट लावता येतं. नंतरच्या तालमीत उत्स्फूर्तपणे सुचलेलं एखादं वाक्य मग पाठवलेल्या संहितेत नसतं. म्हणून हा गट आधी बरेच दिवस तालीम करतो, वाक्यं पक्की होऊ देतो आणि मगच पानं टाइप करायला घेतो. आईच्या वाट्याला आधी अडीच पानांचं स्वगत होतं. कागदावर गेलं तेव्हा चार ओळी उरल्या होत्या. बाकीचं त्या झाकणात गेलं.

प्रयोगाचा खर्च सगळ्यांनी पगारातून काढलाय, हॉल वर्षभरात पाडला जाणार आहे आणि शनिवारनंतरच्या तारखा अजून ठरायच्या आहेत.

(दृश्य : रिकाम्या साठ खुर्च्या. दिग्दर्शिका एकेका खुर्चीत बसून पाहते.)

दिग्दर्शिका साठही खुर्च्यांत बसते. एकेक करून. या खुर्चीतून आईचा चेहरा दिसतो का, या खुर्चीतून खाटेचा पाय आड येतो का. तेविसाव्या खुर्चीत ती बराच वेळ थांबते, मग उठून ती खुर्ची चार बोटं डावीकडे सरकवते. परत बसते. मग टाळी वाजवते. रिकाम्या हॉलमध्ये टाळी घुमते. शनिवारी माणसं बसली की कपडे आणि अंगं तो घुमारा पिऊन टाकतील. तोवर मागच्या भिंतीला दोन गाद्या टेकवल्यात. त्या योगवर्गाच्या आहेत. रोज रात्री साडेनऊला परत जागेवर जातात.

(दृश्य : साडेनऊ. टेप निघतोय. गाद्या उचलल्या जातात. दिवे विझतात.)

शनिवारी दार पावणेसातला उघडेल. चपला जिन्यात काढायच्या आहेत. फोन बंद ठेवायचेत, नुसते मुके नाही, कारण पंधरा फुटांवर स्क्रीनचा उजेड नटीच्या चेहऱ्यावर पडतो. तिकीट दारातच मिळेल. बरोब्बर सातला दार लागेल आणि नंतर आलेल्या कुणालाही आत घेता येणार नाही. हॉलला दार एकच आहे, आणि टेम्पोवाला त्याच दारातून येणार आहे.

(दृश्य : बंद दार. आतून पितळेच्या झाकणाचा आवाज.)