ओटोचं पोट

[काचेवर तोंड टेकवलेला मासा, अगदी जवळून]

हे तोंड बघा. खालच्या बाजूला, गोल, आत बारीक दातांच्या रांगा. काचेला ते घट्ट चिकटतं आणि शेवाळ खरवडत खरवडत पुढे सरकतं. मासा जेमतेम चार सेंटिमीटरचा. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत, आणि नाकापासून शेपटीपर्यंत गेलेला एक काळपट पट्टा. हा ओटोसिंक्लस. मासे पाळणारी मंडळी त्याला नुसतं ‘ओटो’ म्हणतात.

याचं घर दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या नद्यांमध्ये. काठाजवळच्या झुडुपांत, बुडालेल्या पानांवर, मुळांवर हे मासे घोळक्यानं चरतात. आपल्या दुकानांत येणारे बहुतेक ओटो आजही तिथल्या नद्यांमधूनच पकडून आणलेले असतात. आधी जाळं, मग साठवणीची टाकी, मग विमान, घाऊक व्यापारी आणि शेवटी दुकान. या सगळ्या वाटेवर शेवाळ कुठलं मिळायला? घरी आणलेले ओटो पहिल्या काही आठवड्यांत मरतात, त्यामागे ही उपासमार मोठं कारण असते.

[दुकानातली टाकी, माशांची पोटं दिसतायत]

म्हणून घेताना पोट बघा. मासा काचेला चिकटला की ते आपोआप समोर येतं. खाल्लेल्या माशाचं पोट गोलसर, भरलेलं दिसतं. उपाशी माशाचं आत ओढलेलं असतं. दुकानदाराला विचारा, माल कधी आला? आठवडा-दोन आठवडे तिथे राहून, खाऊन-पिऊन टिकलेले मासे घ्या. काल उतरलेले घेऊ नका.

नवी टाकी लावली की काही दिवसांत काचांवर तपकिरी थर चढतो. ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, ओटोचं आवडतं खाणं. नेमकं तेव्हाच लोक त्याला आणायला धावतात, आणि तीच वेळ सर्वांत वाईट. कारण माशांच्या विष्ठेतून तयार होणारा अमोनिया आणि त्यापासून बनणारा नायट्राइट पचवणारे जिवाणू अजून फिल्टरमध्ये रुजलेलेच नसतात. दुसरा एखादा दणकट मासा हे सोसेल, ओटो नाही सोसत. टाकी दोन-तीन महिने जुनी होऊ द्या. दोन फुटी टाकी, भरपूर झाडं, बावीस ते सव्वीस अंश तापमान, आणि किमान सहा ओटो. एकटा ओटो बुजतो, दडून बसतो.

घरी आणल्यावर पिशवी घाईनं ओतू नका. एअर पाइपला सैल गाठ मारून टाकीचं पाणी थेंब-थेंब पिशवीतल्या पाण्यात मिसळत राहा, तासभर तरी.

[उकडलेल्या काकडीच्या चकतीभोवती जमलेले ओटो]

आता खाण्याचं. या छोट्या जिवाला आपण ‘टाकी साफ करणारा’ म्हणून आणतो आणि तिथेच त्याच्यावर अन्याय सुरू होतो. सहा ओटो लहान टाकीतलं मऊ शेवाळ बघता बघता संपवतात. काचा लख्ख झाल्या की मालक खूश, आणि मासे उपाशी. वर टाकलेले दाणे इतर मासे पटकावतात. केसांसारखं लांब शेवाळ किंवा काळं दाढीसारखं शेवाळ ओटो सहसा खात नाहीत, त्यामुळे ‘टाकीत शेवाळ आहे की’ या भरवशावर राहू नका.

काकडी, झुकिनी किंवा पालक नीट धुऊन उकळत्या पाण्यातून काढा, थंड करा आणि चमच्याला अडकवून तळाशी सोडा. शक्यतो रात्री दिवा मालवताना. पहिले काही दिवस ते ढुंकूनही बघणार नाहीत. तरी देत राहा. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

याहून चांगला उपाय आपल्या उन्हात आहे. नदीतले गुळगुळीत गोटे स्वच्छ धुऊन बरणीत ठेवा, त्यावर टाकीतून काढलेलं जुनं पाणी घाला आणि बरणी गॅलरीत उन्हात ठेवा. तोंडाला जाळीचं कापड घट्ट बांधा, डासांनी अंडी घालायला नकोत. गोटे हिरवे झाले की एक टाकीत, दुसरा उन्हात, अशी अदलाबदल चालू ठेवा.

[एक ओटो झपकन वर येतो, परत खाली]

हा वर का गेला? ओटो गरज पडली तर पृष्ठभागावरची हवा गिळून श्वास घेऊ शकतो. एखाद्यानं कधीतरी असं केलं तर चिंता नाही. पण सगळेच वारंवार वर धावू लागले, तर प्राणवायू कमी पडतोय किंवा पाणी बिघडलंय. उन्हाळ्यात हे हमखास होतं, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. एअर पंप लावा, थोडं पाणी बदला. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन घालवूनच. आणि तांबं असलेली औषधं या टाकीत नकोत.

एक सावधगिरी. बाजारात ‘सकर’ म्हणून मिळणारं ठिपक्यांचं पिल्लू ओटो नसतं. ते फूटभराहून मोठं होतं. टाकीत मावेना झालं की लोक तळ्यात सोडतात, आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत, आंध्र-तेलंगणाच्या तलावांत त्यानं मच्छीमारांची जाळी फाडून ठेवली आहेत. घेतलंच असेल तर दुकानात परत द्या.

नीट खाल्लेल्या ओटोच्या माद्या काचेवर, पानांवर एकेक करून बारीक अंडी चिकटवतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं निघतात, आणि तीही काचेवरच्या शेवाळाच्या पातळ थरावर जगतात. तेव्हा टाकी धुताना समोरची काच तेवढी घासा. मागची आणि बाजूच्या दोन्ही काचा तशाच राहू द्या.