मामा तलाव आणि माणसांची मोजणी

[दृश्य : तलावाची पाळ, पाळीखाली धानाच्या बांध्या]

समोर दिसते ती गोंदिया जिल्ह्यातील एका मामा तलावाची, म्हणजेच माजी मालगुजारी तलावाची पाळ (मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करणारे जमीनदार). वर जंगल, मध्ये पाणी, पाळीखाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेते, आणि जवळच गाव, अशी ही जुनी मांडणी असून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. त्यांतील बरेचसे गोंड राजवटीत कोहळी समाजातील जाणकारांनी बांधले.

आज अनेक तलाव गाळाने उथळ झाले आहेत. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते : लोकसंख्या वाढली. हे उत्तर खोटे नाही. १९७१ मध्ये सुमारे ५ कोटी ४ लाख असलेली महाराष्ट्राची लोकसंख्या २०११ मध्ये ११ कोटी २४ लाखांवर गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत गेल्याने एकेका घराच्या वाट्याला येणारी जमीनही घटत गेली.

तरीही हा हिशेब येथे अपुरा पडतो. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. भंडारा जिल्ह्याची मात्र ६ टक्क्यांनीसुद्धा नाही. राज्याचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ होता, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. (भंडाऱ्यातील वाढ मंदावण्यात गाव सोडून जाणाऱ्या तरुणांचाही वाटा आहे, तेव्हा या आकड्याचा फार अभिमान बाळगण्याचे कारण नाही.) माणसे फारशी वाढली नाहीत, तरी पाण्याची ओढ वाढली.

शाश्वत विकासाची संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केलेली व्याख्या आजच्या आणि पुढच्या पिढ्यांच्या गरजांविषयी बोलते; आणि गरजा डोकी मोजून कळत नाहीत. पावसाळी धानाला जोड म्हणून उन्हाळी धान आले, बोअरवेलवर मोटारी बसल्या. मालगुजारी संपून तलाव सरकारकडे गेले, तेव्हा पाळीला माती चढवणे, गाळ काढून बांध्यांत टाकणे ही गावाच्या अंगवळणी पडलेली कामे कोणाचीच उरली नाहीत.

[दृश्य : पाण्यात उतरलेल्या महिला]

अर्जुनी मोरगाव परिसरात ढिवर समाजातील महिलांनी काही तलावांतील बेशरम ही उपद्रवी वनस्पती मुळासकट उपटली आणि माशांना अन्न व आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती लावल्या. नुसता गाळ उपसणारे यंत्र हे काम करू शकत नाही. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात रुजते, हे मासेमारीवर पोट असणाऱ्यांनाच ठाऊक असते. अडचण पुढे येते. तलाव तोच, पण शेतकऱ्याला पाणी बांध्यांत हवे असते आणि ढिवरांना ते माशांसाठी तलावात राहायला हवे असते. म्हणून उन्हाळ्यात किती पाणी सोडायचे आणि किती राखायचे, याचा निर्णय दोघांना एकत्र बसवून ग्रामसभेतच व्हावा लागतो.